डोळे मिटून रडतो

त्र्यंबकमास्तरानं दोन वर्षांत एकशे सात जबान्या लिहून घेतल्या होत्या. संस्थान विलीन झालं, तशी पेठेतल्या चार वकिलांनी नागरिक हक्क समिती काढली. कुणावर पाळत होती, कुणाला चौकीत मारलं, हे टिपायचं काम मास्तराकडं आलं. त्याला स्वतःला मात्र एकच नाव हवं होतं. त्याचा थोरला भाऊ दादा सत्तेचाळीस साली कीर्तन आटोपून देवळाबाहेर पडला तो धरलाच गेला, आणि तिसऱ्या दिवशी चौकीतून त्याचं प्रेतच घरी आलं. खबर कुणी दिली?

चौकीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं खबऱ्याच्या जुन्या अहवालांची चळत मास्तराच्या हाती दिली. खाली सही नव्हती. मास्तरानं ते इतक्यांदा वाचले की पाठ झाले. ‘दादा गजराच्या वेळी डोळे मिटून रडतो. चळवळीची पत्रकं उपरण्यात बांधलेली असतात.’

एका एकादशीला मास्तर विठ्ठलमंदिरात मागं बसला होता. पुढं नुसत्या पाठीच पाठी. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. श्रोत्याला श्रोत्याचे डोळे दिसत नाहीत. ते दिसतात श्रोत्यांकडं तोंड करून असलेल्या तिघांना. कीर्तनकार नृसिंहबुवांनी त्याच पत्रकांच्या प्रकरणात आठ महिने तुरुंग भोगलेला. तबल्यावरचा बादशहा जन्मांध. उरला पेटीवाला पिराजी. दादाच्या तेराव्याला हाच मागून मागून जेवला होता.

नाम घेताना माणूस गाफील होतो, म्हणून तर तिथं देव येतो. तिथंच बसून ह्यानं टिपण काढलं होतं.

मास्तर कोर्टात गेला नाही, बुवांकडं गेला. बुवांनी कागद दोनदा वाचले, डोळ्यांना उपरणं लावलं आणि विचारलं, क्षमा नाही का करवत?

"ती देवानं करावी, बुवा. मी दादाचा भाऊ हाय."

पुढच्या एकादशीला, दिवस कलताना, पूर्वरंग संपला. मध्यंतरात मास्तरानं बुवांना हार घातला, बुक्का लावला. बादशहाला लावला. पिराजीनं कपाळ पुढं केलं, तेव्हा मास्तरानं बुक्क्याची वाटी झाकली आणि तो जागेवर जाऊन बसला.

उत्तररंगाला बुवांनी आख्यान लावलं ते त्या अहवालांचं आणि मास्तरानं घेतलेल्या जबान्यांचंच, साकीच्या चालीत बसवून. पिराजीची बोटं सवयीनं सूर धरत गेली. ‘डोळे मिटून रडतो’ आलं आणि पेटीचा भाता थांबला. बुवा थांबले नाहीत. तारखा आल्या, नावं आली, कुणाचा हात मोडला, कुणाची नोकरी गेली, सगळं आलं. ती माणसं समोरच बसली होती. बायकांत दादाची विधवा विमला ताठ बसून पेटीकडं बघत होती, पापणी न हलवता.

पिराजी उठायला लागला. आरतीआधी कीर्तनातून कुणी उठत नाही. बादशहानं चाचपत त्याचं मनगट धरलं. अकरा वर्षं तो त्याला ‘पिरा’ म्हणत आला होता.

"बसा की पावणं," तो म्हणाला. "आरती व्हायची हाय. वाजवा."

पिराजीनं वाजवली. मास्तर आरतीत नेहमी डोळे मिटायचा. त्या दिवशी त्यानं ते शेवटपर्यंत उघडे ठेवले.