चंबूतला समुद्र

"सर, नळ गेला!"

निकम सरांनी मान वर केली. त्र्याहत्तरचा दुष्काळी उन्हाळा होता आणि सांगलीच्या त्या कॉलेजात त्यांचा प्रयोग चौथ्या दिवसावर आला होता. खालच्या काचेच्या चंबूत पाणी उकळत होतं. वरच्या चंबूत कोंडलेल्या वायूंत वीज तडतडत होती. पृथ्वीवर काहीच जिवंत नव्हतं तेव्हा समुद्र आणि आभाळ असंच असावं, असं सर सांगत. वाफ थंड करणाऱ्या नळीभोवती मात्र आठ दिवस गार पाणी खेळत राहायला हवं होतं.

"बंद करू या, बिराप्पा. पुढच्या वर्षी बघू."

प्रयोगशाळेचा शिपाई बिराप्पा जागचा हलला नाही. जतकडचा मेंढपाळ तो. गेल्या साली डोळ्यांदेखत कळप पाण्यावाचून गेला, तेव्हा बायकोला गावी ठेवून इथं नोकरीला लागला होता.

"न्हाई सर. पानी मी आनतो."

कृष्णेच्या पात्रात उरलेल्या डोहातून त्यानं कावडीनं पाणी आणलं. एक बादली उंच फळीवर ठेवून रबरी नळीनं पाणी खाली सोडलं. खालची बादली भरली की वर चढवायची, पाणी तापलं की पुन्हा नदी. रात्री सर बसत, दिवसा बिराप्पा. त्या इवल्या विजेकडं बघता बघता त्याला वाटे, आपण माळावर एकटेच बसलोय, माणूस-मेंढरू अजून कुणीच झालेलं नाही आणि लांब कुठंतरी पाऊस लागलाय.

चंबूतलं पाणी गुलाबी झालं, मग तांबूस. आठ दिवस भरल्यावर सरांनी त्याचा थेंब कागदावर चढवला, औषध फवारून कागद शेकला. जांभळे ठिपके उमटले. सरांचे डोळे भरून आले.

"जीव हाय व्हय ह्यात?" बिराप्पानं हळूच विचारलं.

"नाही. जीव ज्यापासून घडतो, त्यातलं थोडंसं. खरा जीव व्हायला कोट्यवधी वर्षं लागली."

"तवर पानी कोन घालत हुतं?"



रजा घेऊन बिराप्पा गावी गेला. बायकोनं, बयाबाईनं, भाकरी वाढली.

"आवं, लय दिस सांगावा न्हाई. करत काय हुता?"

"पानी पाजत हुतो."

"कुनाला?"

बिराप्पानं घास हातातच धरला.

"अजून जल्मलं न्हाई त्ये."

बयाबाई बघत राहिली. मग त्याच्या खांद्यावरचा कावडीचा वळ तिला दिसला, आणि ती तेल कोमट करायला उठली.