उलटं कलम

"हिच्या डोळ्यात रानमेहलाचा रस पिळायला हवा," धौली गाईची पापणी वर करून बघत परुली नवऱ्याला म्हणाली. "आहे का कुठे एखादा मेहल?"

दिवानसिंहाने मान खाजवली. चाळीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? रानमेहल, म्हणजे रानटी नाशपातीचं झाड, दिसला की छाटायचा आणि त्यावर नाशपातीचं कलम बांधायचं. खालून मेहलाचा कोंब फुटला, तर तोही खुडायचा. आता साऱ्या गावात नाशपातीच नाशपाती, आणि धौलीच्या डोळ्यात पिळायला एक तुरट फळ नाही!

"हरुली भौजीच्या अंगणात आहे की."

ते त्यालाही ठाऊक होतं. त्याचं फसलेलं एकुलतं एक कलम ते. का फसलं, हे कोडं काही सुटलं नव्हतं. वीस वर्षं ही वहिनी पाणवठ्यावर त्याचा उद्धार करत होती.

"तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

दोन दिवस त्याने रान पालथं घातलं. तिसऱ्या सकाळी धौलीच्या डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला आणि उजव्यातूनही पाणी गळू लागलं. मग मात्र गडी मुकाट्याने भौजीच्या दारात उभा राहिला.

"काय रे, पुन्हा कलम बांधायला आलास?"

"फळं हवीत, भौजी. गाईचे डोळे आलेत, आज तिसरा दिवस."

भौजीचा चेहरा उतरला. तिने भराभर पदरात फळं तोडली. "तुझं कलम फसलं नव्हतं, दिवाना. मीच मोडलं ते. सासूबाई याच झाडाचं औषध द्यायच्या."

"अहो, मग वीस वर्षं मला नावं का ठेवलीत?"

"खरं सांगितलं असतं, तर तू पुन्हा बांधलं असतंस. पण तू परवाच का नाही आलास, बाबा?"

फळं टोपीत घेऊन तो घराकडे धावला.

उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच. धौली गोठ्याच्या दाराला धडकली की दिवानसिंह उठून तिचं कपाळ चोळायचा.

माघात कलमांचे दिवस आले. त्याने भौजीकडून मेहलाच्या दोन काड्या मागून आणल्या आणि अंगणातल्या सगळ्यात गोड नाशपातीची फांदी करवतीने उतरवली.

"अगं बाई! गोडावर तुरट बांधतात का कुणी?" परुली ओरडली. "गाव हसेल!"

"हसू दे. चिंधी आण."

कलमावर चिखल लिंपून, चिंधी आवळून तो उठला. धौली पाठमोरी उभी होती. ती बुजू नये म्हणून तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूने गेला.