नावाड्याचे सात फटके

बाईचा आवाज गोड होता, म्हणून मला जास्त राग आला. तिनं ओरडून सांगितलं असतं तर मीही ओरडलो असतो आणि फिटंफाट झाली असती. पण ती बातम्या द्याव्यात तशी माझ्या कानात सांगत होती.

"आंधळा नावाडी वल्हं उलटं धरतो. वल्हं स्वयंपाक्याच्या डोक्यात बसतं. नाव गुहेच्या भिंतीवर आदळते. नावाडी बकरीला राजकन्या समजून वाकून सलाम करतो. नाव पुन्हा आदळते. नावाडी पाण्यात पडतो."

मग अख्खं थिएटर हसलं. माझ्या शेजारी बसलेली भाचीसुद्धा हसली.

मी जन्मापासून आंधळा आहे. पंचवीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून बसतो, आणि माझ्या तापट डोक्यामुळे तिथं मला तोफ म्हणतात. हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताई दहाची. ती माझ्या डाव्या हाताला बसायची, तोंड माझ्या कानाला लावायची आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायची. आता त्याला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून तो धुऊन-पुसून पुन्हा लावला होता. आमच्यासारख्यांसाठी खास सोयही केली होती. यंत्र कानाला लावायचं, आणि संवाद थांबले की ही गोड बाई मधल्या जागेत बोलणार. भाचीनं हौसेनं तिकिटं आणली. "मामा, तुझा सिनेमा एकदा नीट बघ," म्हणाली.

नीट! तो मला तोंडपाठ आहे. पळपुटा न्हावी, ढेरपोट्या स्वयंपाकी आणि रुसून घराबाहेर पडलेली राजकन्या, असे तिघं चोरलेला मुकुट शोधायला निघतात. मुकुट ज्याचा आहे तो राजा त्यांनाच चोर समजतो आणि मागे शिपाई सोडतो. एवढीच गोष्ट. पण ती नुसती धावते! तुरुंगात चमचे-ताटल्या बडवत गाणं होतं आणि त्या गदारोळात गज कापला जातो. फुग्यात बसून पळताना तिघं भांडतात, ते भांडणही चालीत. जग बुडायला आलं तरी या सिनेमातल्या माणसांना आधी एक कडवं म्हणायचं असतं. माझी आधीची नोकरी गेली होती तेव्हा, बाबा गेले तेव्हा, मी हाच सिनेमा लावून बसलो आहे. दहाव्या मिनिटाला माणूस ठेका धरतोच. ठेका न धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि गुहेतला नावाडी तर माझा. त्याला एकच वाक्य आहे, "बसा, मी आहे ना!" पुढची चार मिनिटं कुणी बोलत नाही, फक्त ढोल वाजतो. त्या चार मिनिटांत काय घडतं ते ताईनं मला सांगितलं होतं. मशाली विझतात. मिट्ट काळोख. न्हावी रडकुंडीला येतो, शिपायांची नाव मागून येते. पण नावाडी आंधळा. त्याला काळोखाचं काय? पाण्याच्या आवाजावरून तो वाट काढतो आणि शिपाई जवळ आले की वल्ह्यानं एकेकाला पाण्यात लोळवतो. सात शिपाई, सात फटके, ढोलावर सात ठोके.

मी त्या नावाड्याच्या जिवावर मोठा झालो. शाळेत पोरांनी वाटेत पाय घातला की मला तो आठवायचा. हॉस्पिटलात मुलाखतीला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हाला जमेल का?" मी म्हणालो, "बसा, मी आहे ना." साहेब हसले आणि मला नोकरी मिळाली. ते का हसले, ते मला परवा थिएटरात कळलं.

यंत्र कानातून उपटलं आणि उठलो. मागून भाची, "मामा, अरे काय झालं? पुढे फुग्याचं गाणं आहे!" करत धावली. मी थांबलो नाही. ताईचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि ती वाट मला काठीशिवायही येते.

ताई घरी बसून कपडे अल्टर करून देते. मी दार वाजवलं नाही, बडवलं. भाचीनं पुढे होऊन आपल्या किल्लीनं ते उघडलं. आत मशीन चालू होतं.

"पाणी दे," मी म्हणालो.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" ताई म्हणाली. "दार मोडायचं बाकी ठेवलंस. बोल काय ते."

"नावाडी पाण्यात पडतो."

मशीन थांबलं.

"त्या यंत्रवाल्यांनी सांगितलं होय," ताई म्हणाली. शरमेचा लवलेश नाही. पाकिटातलं पत्र दुसऱ्याच कुणी फोडून वाचावं, तसा वैताग होता आवाजात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंचेचाळीस वर्षं! लोक आंधळ्याला हसत होते आणि तू मला त्यांच्यात बसवून हसवलंस. 'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' म्हणणारे परवडले, ते तोंडावर म्हणतात! आणखी काय काय खोटं सांगितलंस? माझ्या लग्नाआधी तू मुलीला भेटून आलीस. हसली की दोन्ही गालांना खळ्या पडतात म्हणालीस. पडतात का?"

"एका गालाला पडते. दुसरी मी पदरची घातली. पंचवीस वर्षांत बायकोच्या गालाला हात लावला नाहीस का रे?"

दाराशी भाची फिस्सकन हसली आणि गप्प झाली.

"हा निळा शर्ट निळा आहे का?"

"निळाच आहे. कॉलर विरलीय. ते सांगितलं नाही, कारण मग मलाच बदलून द्यावी लागली असती."

"चेष्टा करू नकोस!" मी ओरडलो. "माझं सगळं पाहिलेलं तुझ्या तोंडून पाहिलेलं आहे. यातलं एक खोटं निघालं तर बाकीच्यावर मी विश्वास कसा ठेवू? ते सांग आधी."

खुर्ची मागे सरकली. ताई उभी राहिली होती. बोलली तेव्हा तिचा आवाज माझ्याइतकाच चढलेला होता. तोफा आमच्या घराण्यातच आहेत.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मी दहा वर्षांची होते. तो म्हातारा पाण्यात पडला आणि मी हसले. हो, मी. पोट धरून हसले. सगळेच हसत होते. आणि तू माझा दंड हलवत होतास, 'काय झालं, ताई, काय झालं, सांग ना.' तुझं तोंड आधीच हसायला तयार होतं. काय सांगायला हवं होतं? तुझ्यासारखाच एक माणूस आहे, तो आपटतोय, आणि आम्हाला मजा वाटतेय? तोंडाला आलं ते सांगितलं. शिपायांना मारतोय म्हटलं. ढोल सातदा वाजला म्हणून सात मारले."

मी चाचपून स्टूल ओढलं आणि बसलो.

"आणि तू हसलास. असा हसलास की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. 'हाण, अजून एक हाण,' म्हणून टाळ्या पिटत होतास. त्यांनी तुझे डोळे पाहिले आणि एकेक करून गप्प झाले. पडद्यावर तो म्हातारा अजून गटांगळ्या खात होता आणि थिएटरात तू एकटा हसत होतास. मला त्यांची डोकी फोडावीशी वाटली."

मलाही वाटली. हसल्याबद्दल एक वेळ मी त्यांना माफ केलं असतं. पाण्यात पडणारा म्हातारा गमतीचा असेलही, गोड बाईचं ऐकून मला काय कळणार? पण माझ्याकडे बघून त्यांनी हसू गिळलं, याचा मला आजही संताप येतो. पैसे मीही मोजले होते. माझ्यापुढे हसायला काय झालं होतं त्यांना?

"मग पुन्हा का नेलंस?" मी विचारलं. "एकदा खोटं बोललीस, ठीक. बावीस वेळा नेलंस."

"मी नेलं?" ताई म्हणाली. "मला विचारलं कुणी? तू हट्ट करायचास आणि आई म्हणायची, 'ताई, त्याला घेऊन जा.' गाणं लागलं की मला पाय हलवावासा वाटायचा. पण गाण्यातच सगळ्यात जास्त घडायचं, म्हणून गाण्यातच मला सगळ्यात जास्त बोलावं लागायचं. कोण कुठून उडी मारतोय, कोण कुणाच्या मागे. घसा बसायचा. तू घरी येऊन ती चमच्यांची चाल दिवसभर गुणगुणायचास. मला ती येत नाही. आजही येत नाही. मी त्या सिनेमातलं एकही गाणं धड ऐकलेलं नाही."

"खोटं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग आठवून पाहिलं. ताई कामाला बसली की काहीबाही गुणगुणते. त्यात या सिनेमातलं गाणं कधी ऐकल्याचं मला आठवेना.

माझा राग गेला नव्हता. तो कुणावर काढायचा, ते तेवढं कळेनासं झालं होतं. म्हणून बावीस वेळा शेजारी बसूनही जे कधी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं, आणि तेही भांडल्यासारखंच.

"तुला आवडतो का तो सिनेमा?"

"मला काय ठाऊक," ताई म्हणाली आणि खाली बसली. "मी पाहिलाय कुठे?"