गुलाबचे गुडघे

काळजी लागली की काही माणसं एका जागी खिळतात. पनवेल कोळीवाड्यातली चांगुणा त्यातली नव्हती. काळजी लागली की तिचे पाय आधी चालू लागत, डोकं मागून येई. नवरा काळूराम होडी घेऊन खाडीत असला आणि वाऱ्याने जोर धरला, की ही बंदरापासून उरण नाक्यापर्यंत उगाच खेपा घालत बसायची. तेव्हा त्या मे महिन्यातल्या सकाळी ती नवीन पनवेलच्या रस्त्यावर गुमान एका जागी उभी राहील, असं ज्याला वाटलं त्याचंच चुकलं म्हणायचं.

निमित्तही तसंच होतं. तिची थोरली, गुलाब, आशियाई ज्युनियर स्पर्धेच्या निवडीसाठी चालत होती. धावत नव्हती, चालत होती. चालण्याचीही शर्यत असते आणि त्यासाठी माणसाला विमानात बसवून पार जकार्ताला नेतात, हे कोळीवाड्यात कुणाला खरं वाटलं नव्हतं. "मंग आमी जल्मभर काय करतो?" म्हणून बाया पोट धरून हसल्या होत्या. त्यात गुलाब कंबर हलवत रस्त्याने सरावाला निघाली की पोरं मागून नक्कल करीत. दोन वर्षं ती पोर खाली मान घालून चालली, पण चालायची थांबली नाही.

तिला या वाटेला लावलं शाळेतल्या कृष्णकांत सरांनी. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या गुलाबला त्यांनी सायकलवरून गाठायला पाहिलं आणि नाक्यापर्यंत त्यांना धाप लागली. दुसऱ्या दिवशी सर घरी हजर. म्हणाले, या शर्यतीत नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर ते धावणं झालं. आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात ताठ हवा.

पहिला नियम गुलाबच्या अंगातच होता. दुसऱ्याने मात्र छळ मांडला, आणि त्याला कारण चांगुणाच होती. पाटीतल्या ओल्या मासळीचं पाणी मानेवर गळू नये म्हणून कोळणी गुडघे जरा सैल सोडून चालतात. हिसका गुडघ्यात मुरतो, पाटी हलत नाही. मुलीने आईच्या मागे चालायचं, आईच्या टाचांवर नजर ठेवायची, तिच्या पावलावर पाऊल टाकायचं, अशी शिकायची रीत. गुलाबही लहानपणापासून तशीच शिकली. पाय ताठ पडला की चांगुणा मागे न बघता म्हणायची, "गुडघा सोड गो." आवाजावरून तिला कळायचं.

आईने सैल सोडलेले ते गुडघे सरांनी दोन वर्षं खपून ताठ केले. त्यांची अट एकच होती, गुलाबच्या डोक्यावर ओझं दिसता कामा नये, पाण्याचा हंडासुद्धा नाही. चांगुणाने ती अट अक्षरशः पाळली. मुलीच्या वाटणीची पाटीही तिनेच वाहिली. मान दुखून रात्र रात्र डोळा लागायचा नाही, पण कुणापाशी अवाक्षर नाही.

आता हे शेवटचं वर्ष होतं. पुढल्या वर्षी गुलाबचं ज्युनियरचं वय संपणार होतं. पहिल्या दोघी जकार्ताला जाणार, बाकीच्या आपापल्या घरी. काळूरामाने स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा नाय जमला तर पाटी घ्यायची नि आयेसंगं बाजारान बसायचा." तो काही वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. चांगुणाने त्याला उलट उत्तर दिलं नाही. पण ही पाटी आपल्याबरोबरच संपावी, पोरीच्या डोक्यावर ती पुन्हा चढू नये, यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

मासळीला मात्र शर्यत कळत नाही. काळूरामाने पहाटे आणलेली कोलंबी उन्हाआधी विकायला हवी होती. म्हणून चांगुणा भरली पाटी डोक्यावर घेऊनच आली होती. शर्यत बघायची आणि तिथूनच नवीन पनवेलच्या इमारती धरायच्या, असा तिचा हिशेब होता.

मोकळ्या मैदानाच्या चारी बाजूंनी सिडकोचा रुंद, रिकामा रस्ता होता. त्याच्यावर दहा फेऱ्या. ठिकठिकाणी पांढऱ्या टोप्या घातलेले पंच उभे होते. चूक व्हायला लागली की पंच आधी पिवळी चकती दाखवून ताकीद देई. तरी सुधारलं नाही, तर तो लाल कार्ड लिहून पाठवी, आणि शेवटच्या रेषेपाशी लावलेल्या फळ्यावर त्या मुलीच्या नावापुढे लाल ठिपका पडे. तीन वेगवेगळ्या पंचांचे तीन ठिपके पडले की मुलगी बाहेर. चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण सरांनी वरून तिसरी ओळ गुलाबची, एवढं दाखवून ठेवलं होतं. ठिपके मोजायला कुठे शाळा लागते?

पहिल्या दोन फेऱ्या सुखाच्या गेल्या. गुलाब तिसरी होती. पुढे पुण्याची एक आणि केरळची एक. चांगुणा पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर उभी होती. गुलाब समोरून गेली आणि चांगुणाच्या पायांना राहवेना. मैदानातून तिरकं कापत ती पलीकडच्या बाजूला पोचली, तेवढ्यात गुलाब तिथे आली. ती गेली की ही पुन्हा तिरकी टाकीकडे. बघणारे बाजूला होत होते, कुणी नाकाला रुमाल लावत होतं. पाटी अशी स्थिर, की तिच्यावर बसलेली माशीसुद्धा उडाली नसती.

चौथ्या फेरीत टाकीच्या कोपऱ्यावरच्या पंचाने गुलाबला पिवळी चकती दाखवली. पुढच्या फेरीला तो खाली मान घालून काहीतरी लिहू लागला. थोड्या वेळाने फळ्यावर तिसऱ्या ओळीत लाल ठिपका.

चांगुणा घाईने पलीकडच्या बाजूला गेली. तिथल्या पंचानेही पिवळी चकती दाखवली, आणि पुढल्या फेरीला तिथूनही कार्ड गेलं. तिसऱ्या ओळीत दुसरा ठिपका. एव्हाना गुलाबने पुण्याच्या मुलीला मागे टाकलं होतं, ती दुसरी होती. पण दुसरी असून काय उपयोग, आणखी एक ठिपका आणि सगळं खाडीत.

"आई एकवीरे, माझी पोर सांबाल," ती पुटपुटली आणि अर्धवट बांधलेल्या इमारतीपाशी, तिसऱ्याच बाजूला निघाली. तेवढ्यात सर धावत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चांगुणाबाई, थांबा. पाटी खाली ठेवा."

"कं सर? काय जाला?"

"मघापासून बघतोय. तुम्ही दिसलात की तिचा पाय बदलतो. तुम्ही टाकीपाशी होता, तिथे कार्ड लागलं. पलीकडे गेलात, तिथे लागलं. बाकी सगळ्या रस्त्यावर ती सुतासारखी सरळ चालतेय."

चांगुणाला आधी रागच आला. स्वतःच्या पोरीला आपली नजर लागते म्हणतो की काय हा माणूस? पण मग लख्खकन डोक्यात उजेड पडला. डोक्यावर पाटी घेऊन घाईने चालणारी आई दिसली की त्या पोरीचे पाय आईचं ऐकणार, सरांचं नाही. थकल्या अंगाला आधी शिकलेलंच आधी आठवतं.

तिने पाटी उतरवून एका दगडावर ठेवली, चुंबळ काढून हातात घेतली आणि नुसती उभी राहिली. गुलाब वळणावरून आली. घामाने ओठ पांढरे पडले होते. तिने आईकडे पाहिलं, आणि आता चांगुणाला आणि सरांना, दोघांनाही स्पष्ट दिसलं. तिचे खांदे जरा खाली आले, मान स्थिर झाली आणि गुडघा हळूच सैल सुटला. जणू डोक्यावर भरली पाटी होती. तिथल्या पंचाने पिवळी चकती वर केली.

"पाटी नाय सर," चांगुणा म्हणाली. "मीच."

सरांनी 'तुम्ही जा' हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन वर्षं मान मोडून हिने दुप्पट ओझं वाहिलं ते आजचा दिवस बघायला. सर खाली बघत राहिले आणि चांगुणाने ओळखायचं ते ओळखलं. तीन फेऱ्या उरल्या होत्या. ती वळली, पाटी तिथेच टाकली आणि त्या अर्धवट इमारतीच्या मागे जाऊन रेतीच्या ढिगाऱ्यावर रस्त्याकडे पाठ करून बसली.

आता तिच्या जिवाचे जे हाल झाले ते शत्रूचेही होऊ नयेत. पाय चालायला मागत होते आणि चालायची सोय नव्हती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले. पलीकडून टाळ्या ऐकू येत, थांबत, पुन्हा येत. कुणासाठी, काही कळत नव्हतं. एकदा तिला वाटलं, भिंतीच्या कडेने नुसता एक डोळा काढून बघावं. पोरीला काय दिसणार आहे? ती उठलीही. मग हातातल्या चुंबळीने स्वतःच्याच मांडीवर एक फटका मारला आणि पुन्हा बसली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. मग लोकांचा एक लांबलचक हळहळता सूर आला. कुणालातरी बाहेर काढलं होतं. गुलाबच असणार. तीन ठिपके. आपणच लावले ते, एकेका कोपऱ्यावर उभं राहून, मायेने. असली माया काय कामाची? चटणी-भाकरीवर वाढवली, अंगाखांद्यावर खेळवली आणि ऐन वेळी पायात पाय घातला. ती रडली नाही, बराच वेळ समोर रचलेल्या विटा पाहत राहिली.

टाळ्या झाल्या. मग त्याही थांबल्या. गाड्या सुरू होऊ लागल्या. सर आले नाहीत, आणि न येण्याचा अर्थ चांगुणाने आपल्या मनाने लावून टाकला.

मग पावलांचा आवाज आला. तिने मान फिरवली. इमारतीच्या कडेने गुलाब येत होती. छातीवरचा आकडा अर्धा सुटून लोंबत होता आणि डोक्यावर होती चांगुणाची पाटी. चांगुणाची नजर आधी गेली ती मुलीच्या गुडघ्यांवर. सैल होते. अगदी तिने शिकवले तसे सैल. संपलं, ती मनात म्हणाली. पाटी चढली पोरीच्या डोक्यावर.

"आये, हितं काय बसलीस?" गुलाबचा घसा बसला होता. "पाटी तशीच टाकून आलीस. कावल्यांनी दोन कोलंब्या नेल्यान. शेवटाला मी सगल्या कोपऱ्यांवर तुना बघतंय, तू कुठंच नाय. मना वाटला तुना भोवल आली. मंग पलत सुटावं तर पलता पन येत नाय."

चांगुणा तिच्या छातीवरच्या लोंबत्या आकड्याकडे बघत राहिली.

"दुसरी आली मी," गुलाब म्हणाली. "केरलवाली पयली. पुन्याच्या पोरीला बाहेर काढलान. सर तिकडं सह्या करतात."

चांगुणा उठली. आधी तिने मुलीच्या डोक्यावरची पाटी काढून घेतली. ती अशी घाईने, की दोन कोलंब्या रेतीत पडल्या. पाटी कडेला धरून तिने दुसऱ्या हाताने मुलीचं तोंड पुसलं, आपल्याच पदराने, मासळीच्या वासाच्या.

"कुठं गेली होतीस, सांग की."

"ऊन लागला," चांगुणा म्हणाली. "सावलीन बसले."

तिथे सावली नव्हती. गुलाबने ढिगाऱ्याकडे पाहिलं, वर उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिकडं जकार्ताला तू नसशील."

"नसनारच. मी कशाला येतंय तिकडं?"

"मना भ्या वाटतंय."

चांगुणाच्या ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं. मी नसेन म्हणूनच तू जिंकशील, असं पोटच्या पोरीला सांगायचं तरी कसं? आणि न सांगता आयुष्य काढायचं तरी कसं? तिला एकाच वेळी इतका आनंद आणि इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"भिऊ नको," ती म्हणाली. "समोर बघून चालायचा. कोनाला शोधायचा नाय. मी घरानच हाय."

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी चढवली. कोलंबी अजून विकायची होती. मायलेकी रस्त्याला लागल्या आणि गुलाब सवयीने आईच्या मागे आली. चांगुणा थांबली.

"तू पुढं चल."

"मी?"

"हां. पुढं हो. मी येतंय मागून."

गुलाब जरा घुटमळली. मग पुढे झाली आणि चालू लागली. चांगुणा तिच्या टाचांवर नजर ठेवून तिच्यामागे निघाली. गुडघा सैल पडतो की ताठ, हे तिला आवाजावरून ऐकू येत होतं. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.