उत्तर उतारावरच्या सुया

"खालच्या फांद्यांच्या सुया आहेत ह्या. त्याही जुन्या. मी तपासणार नाही." मावशींनी पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

वनखात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्या पाइनच्या सुया वाळवत, दळत, त्यांतलं नत्र आणि स्फुरद मोजत आल्या होत्या. जमीन झाडाला किती पोसते हे सुईच सांगते. पण ती शेंड्याजवळची, उन्हातली आणि यंदाचीच हवी.

साहेब हसले. "उत्तर उतार ना? तुमच्या यजमानांनी लावलेला. आकडे कमी आले तर तिथं पुन्हा पाइन लावायचे नाहीत, म्हणून जीव खालीवर होतोय?"

मावशींचे कान तापले. दुसऱ्या दिवशी झाडावर चढणाऱ्या गड्याला घेऊन स्वतःच उतारावर गेल्या. वीस झाडं झाली. दोनदा फांदी हातात घेऊन म्हणाल्या, "ही गेल्या वर्षीची रे. पुन्हा चढ." तो पुटपुटत चढला.

सुया वाळल्या, दळल्या, मोजल्या. नत्र कमी. स्फुरद त्याहून कमी. मावशींनी सगळं पुन्हा एकदा केलं. आकडा हलला नाही.

कागद बघून साहेब ओशाळले. "मावशी, मी त्या दिवशी उगाच बोललो. हे थोडं वर ओढलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," म्हणत त्यांनी सही केली.

संध्याकाळी नवरा घराच्या पायरीवर बसला होता. रोपं वाहून वाहून त्याचे गुडघे त्याच चढावर गेले होते.

"काय म्हणतात माझी झाडं?"

"उपाशी आहेत," मावशी म्हणाल्या. "तिथं आता पाइन नाही लावणार."

तो म्हणाला, "पंचवीस वर्षं झाली, अजून माझ्या मांडीएवढी जाड नाहीत. मला वाटायचं, लावतानाच माझं काही चुकलं. कुणाला बोललो नाही कधी."

"तुमचं काही चुकलं नाही हो. जमिनीतच नव्हतं."

"तसं लिहिलंयस?"

"लिहिलंय. खाली सही आहे माझी."

त्याने मान डोलावली, काठी उचलून पलीकडे ठेवली आणि मावशींसाठी पायरीवर जागा केली.