खालून आलेलं ‘आहे!’

माझी तक्रार या घरातल्या थोरल्या लेकाबद्दल आहे. सिनेमात माणसं धडपडताना पाहून तो हसायचा, याबद्दल नाही. हसायचे तर सगळेच. त्याने माझ्या नावावर खोटा शब्द दिला, याबद्दल आहे.

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची गादी आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण पाठी पुष्कळ वाचल्या आहेत. कोण दमून पडलंय आणि कोण सोंग घेऊन, हे मला टेकताक्षणी कळतं. पिंजाऱ्याने चांगला कापूस पिंजून मला भरलं आणि वीतभर सुईने टाके घातले. आजकालच्या त्या फोमच्या पोरींसारखी मी कुणी बसल्याबरोबर मान टाकत नाही.

या घरातला बाप रंगारी होता. रंगाऱ्यांची एक रीत असते. शिडी चढण्याआधी वर जाणारा विचारतो, “आहेस?” शिडी धरणारा म्हणतो, “आहे!” मगच पाय उचलायचा. एके दिवशी बाप घाईत होता, धरायला कुणी नव्हतं, तरी चढला. पडला तो पाच महिने माझ्यावर होता. उठलाच नाही. त्यानंतर वर्षभर या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही.

मग थोरल्याने ते सिनेमे आणले. रविवारी दुपारी आई आणि दोघे लेक माझ्यावर बसून बघत. कुणी पिंपात बसून टेकडीवरून गडगडे, कुणी मित्राच्या खुर्चीखाली फटाका लावी. आईने आधी नाक मुरडलं. “यांच्या आयांनी यांना बांधून का नाही ठेवलं?” पण पिंपातला बाप्या धूळ झटकून उभा राहिला, तशी ती ओरडली, “उठला गं बाई, उठला!” आणि इतकी हसली, की तिचे दोन अश्रू माझ्या खोळीत मुरले. पडलेला माणूस उठतो, एवढंच तिला पुन्हापुन्हा पाहायचं होतं.

बापामागे दोघे भाऊ रंगकामच करत, धाकटा शिडीवर, थोरला खाली. पुढे ते घरातच सिनेमातल्यासारख्या करामती करू लागले. एक जण टेबलावर पाठमोरा उभा राही. “आहेस?” दुसरा मला नीट सरकवून म्हणे, “आहे!” की वरच्याने बिनघोर अंग टाकून द्यायचं. माझे टाके उसवले, कापसाचे गोळे झाले. पण मी एकदाही जागा चुकले नाही. त्याचा मला ताठा होता.

त्या रविवारी धाकटा टेबलावर होता. “आहेस?”

“आहे!” थोरला म्हणाला. मोबाइलवर व्हिडिओ चालू केला आणि पायाने मला बाजूला ओढलं.

मित्रांनो, मला हात असते तर मी फरशी धरून ठेवली असती.

धाकट्याचं उजवं मनगट मोडलं, ब्रश धरायचं. प्लास्टर काढायला दीड महिना लागला. आता तो माझ्यावर बसण्याआधी डाव्या हाताने मला चाचपून बघतो. मला! आणि शिडीचं नाव काढलं, की पोटात दुखतं म्हणतो.

थोरला काल आईला मोबाइलवर तोच व्हिडिओ दाखवत होता, खाली लोकांचे शेरे. “बघ तरी, आई, सगळे किती हसलेत! सिनेमात मित्रच मित्राला फसवायचे, तेव्हा तूच पोट धरून हसायचीस ना?”

आईने मोबाइल पालथा ठेवला. हे तिला लागलं होतं, कारण ते खरं होतं.

तुम्हीही हसा, मित्रांनो. पण जुन्या गादीला अधूनमधून ऊन दाखवा, टाके घाला. आणि खाली उभे असाल, तर उभेच राहा. बाकीचं आईच बोलली. माझ्यावर मांडी घालून, धाकट्याला शेजारी बसवून, थोरल्याला अगदी हळू आवाजात.

“हसले मी. ते पाप माझ्या पदरात. पण यापुढे शिडीवर तू चढायचंस, खाली हा उभा राहील. ‘आहेस?’ म्हणून तू विचारायचंस. याने उत्तर नाही दिलं, तर दिवसभर तिथेच उभा राहा. आणि दिलंच, तर ते खरं की खोटं, हे तुला वर पोचल्यावर कळेल.”