एकवीस गणपती आणि एक गटार

दोन हजार पंधराच्या जानेवारीत धम्मदीना मेश्रामला तिचा पहिला मास्टर्सचा विद्यार्थी मिळाला, आणि तो तिच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठा निघाला.

ती तेव्हा चौतीस वर्षांची होती. नागपुरात चित्रकला शिकून न्यूझीलंडला आलेली, आणि आता पामर्स्टन नॉर्थला नवऱ्याबरोबर राहणारी. नवरा मैत्रेय एका संशोधन संस्थेत गवतावर काम करायचा. गाईंनी कुठलं गवत खाल्लं म्हणजे त्या कमी ढेकर देतील, हा त्याचा विषय. धम्मदीना शनिवार-रविवार मुलांचे चित्रांचे वर्ग घ्यायची आणि उरलेल्या वेळात ठशांची चित्रं करायची. गावातल्या एका आर्ट स्कूलने नवा लो-रेसिडेन्सी मास्टर्स सुरू केला तेव्हा तिने अर्ज टाकला आणि तिला सल्लागार म्हणून घेतलं.

लो-रेसिडेन्सी म्हणजे विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा, दोन-दोन आठवडे कॉलेजात येऊन राहायचं. बाकीचं वर्ष घरी, गॅरेजात, गोठ्यात, जमेल तिथे काम करायचं. प्रत्येकाला एक सल्लागार. त्याने पंधरा दिवसांनी स्काइपवर बोलायचं, सहामाहीत एकदा घरी जाऊन काम बघायचं आणि खरं काय ते सांगायचं. शेवटची अट माहितीपत्रकात ठळक अक्षरात होती. ती कुणी गंभीरपणे घेत नाही, हे तिला नंतर कळलं.

कोर्सची समन्वयक हेदर नावाची एक उत्साही बाई होती. तिने धम्मदीनाला आनंदाने सांगितलं की तुझ्यासाठी मुद्दाम मराठी बोलणारा विद्यार्थी ठेवलाय. तुम्हा दोघांचं छान जमेल, तुमची संस्कृती एकच आहे. धम्मदीनाने यादीत नाव वाचलं, पुरुषोत्तम लेले, आणि हेदरला काही समजावण्याचा विचार तिथेच सोडून दिला.

लेले मूळचे पुण्याचे. वीस वर्षांपूर्वी ऑकलंडला आले, एका कन्सल्टन्सीत इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, आणि आता शहराच्या दक्षिणेला टाकानिनीच्या वसाहतीत बायकोबरोबर राहत होते. पहिल्या दिवशी हॉलमध्ये ते समोर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, छातीवर नावाचा बिल्ला.

"मेश्राम म्हणजे विदर्भातल्या का?" त्यांनी विचारलं.

"हो, नागपूरची."

"अच्छा," लेले म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "अच्छा, अच्छा."

पहिला अच्छा गावाला होता. पुढचे दोन कशाला होते ते धम्मदीनाला शाळेपासून पाठ होतं. त्याच संध्याकाळी लेल्यांनी हेदरला ईमेल केली की सल्लागार बदलून मिळावा, संवादात अडचण येते. हेदरने उत्तर पाठवलं की काळजी करू नका, तुमच्या सल्लागाराला तुमची भाषा येते. ही ईमेल तिने धम्मदीनालाही पाठवली, कारण या कोर्सात सगळं पारदर्शक असायचं.

मार्चमध्ये धम्मदीना विमानाने ऑकलंडला गेली. लेले स्वतः विमानतळावर न्यायला आले होते. नावडत्या पाहुण्यालाही उन्हात उभं करायचं नाही, एवढी रीत त्यांच्याकडे होती. घरी त्यांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी, पोहे केले होते. खाऊन झाल्यावर लेल्यांनी गॅरेजचं शटर वर केलं.

आत एकवीस गणपती होते. रग्बी खेळणारा गणपती. गमबूट घालून गाय पिळणारा गणपती. कायाकमध्ये बसलेला, बार्बेक्यूवर पनीर भाजणारा, लॅपटॉपवर काम करणारा. एकाच्या हातात मोदकाऐवजी पावलोव्हा केकचा तुकडा होता. सगळे ॲक्रिलिकमध्ये, सगळे गुलाबी आणि सगळ्यांचे डोळे सारखे.

धम्मदीनाने प्रत्येक चित्रापुढे उभं राहून ते पाहिलं. त्यात पाऊण तास गेला. मग तिने सांगितलं की काका, पुढची रेसिडेन्सी होईपर्यंत गणपती बंद करा.

लेल्यांचा चेहरा बदलला. त्यांनी शांतपणे विचारलं की हे चित्रकार म्हणून सांगतेस की आणखी कशा म्हणून. ती म्हणाली, चित्रकार म्हणून. देवाचं तुमचं तुम्ही बघा, पण ही चित्रं तुम्ही बघून काढलेली नाहीत. एक कॅलेंडर एकवीसदा काढलंय. लेले म्हणाले, ठीक आहे. परत विमानतळावर सोडताना ते ट्रॅफिकखेरीज कशावरही बोलले नाहीत.

घरी येऊन तिने मैत्रेयला सगळं सांगितलं. आपण चुकलो का, असं तिला वाटत होतं. पहिलंच काम, एकच विद्यार्थी, आणि तो नाराज. मैत्रेयने विचारलं की चित्रं खरंच वाईट होती का. ती म्हणाली, भयंकर. मग झालं, तो म्हणाला, आणि आपल्या गवताकडे गेला.

जुलैच्या रेसिडेन्सीला लेले हट्टाने सात गणपती घेऊन आले. बाहेर इथल्या हिवाळ्याची कडाक्याची थंडी, हॉलमध्ये एक हीटर, आणि त्याच्याभोवती शाली गुंडाळलेले पाच प्राध्यापक. या बैठकीत विद्यार्थ्याने काम मांडायचं आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. बोलायला सगळे तयारच होते. एक उंच शिल्पकार म्हणाला की हे फार उदार काम आहे. दुसरी बाई म्हणाली की यात खूप अवकाश आहे, आणि तो होताही, कारण कॅनव्हास सहा फुटी होते. तिसऱ्याने डोळे मिटून सांगितलं की या परंपरेपुढे मी नम्र होतो. हेदरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धम्मदीना एका कोपऱ्यात गप्प होती. तिचं मत तिने लेखी दिलं होतं.

लेल्यांनी विजयी मुद्रेने तिच्याकडे एकदा पाहिलं. पण हा माणूस एकतीस वर्षं इंजिनियर होता. न बघता सही करणारे इन्स्पेक्टर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्या सहीचा वास त्यांना लगेच यायचा. त्यांनी घसा साफ करून विचारलं की आभारी आहे, पण या सातांतलं सगळ्यात वाईट कोणतं.

शिल्पकार म्हणाला की वाईट हा शब्द आपण इथे वापरत नाही. लेल्यांनी पुन्हा विचारलं. बरं, सगळ्यात चांगलं कोणतं? शिल्पकाराने सांगितलं की ही सात चित्रं म्हणजे एकमेकांशी चाललेलं संभाषण आहे. लेले खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीत ते चहाचा कप घेऊन धम्मदीनाच्या टेबलाशी आले.

"अगं, यातलं सगळ्यात वाईट कोणतं?"

"कायाकवाला," ती म्हणाली. "मग रग्बीवाला. बाकी चार सारखेच."

"म्हणजे सहा झाले."

"सातव्यात एक जागा चांगली आहे. चला, दाखवते."

रिकाम्या हॉलमध्ये ती त्यांना बार्बेक्यूवाल्या गणपतीपुढे घेऊन गेली. मागे घराची भिंत होती. भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरून जमिनीतल्या एका जाळीच्या चेंबरमध्ये जात होता. तळहाताएवढी जागा. पण पाइपाचा उतार, सांध्यावरचा ओघळ, जाळीत अडकलेलं पान, सगळं जिथल्या तिथे होतं. ती म्हणाली की या अख्ख्या कामात एवढंच तुम्ही बघून काढलंय. हे कुठून आलं?

लेले जरा अवघडले. आपलं कामच ते होतं, असं त्यांनी सांगितलं. ड्रेनेज. ऑकलंडच्या दक्षिणेकडची निम्मी मलवाहिनी त्यांच्या ड्रॉइंगवरून टाकलेली होती. पुण्यातल्या नातेवाइकांना मात्र ते पाणीपुरवठा खातं असं सांगायचे. लग्नाच्या वेळी वासंतीकाकूंच्या वडिलांनाही तेच सांगितलं होतं.

धम्मदीनाने सांगितलं की मग तेच काढा.

"गटारं?" लेले म्हणाले. "मास्टर्समध्ये मी गटारं काढू? आणि तू मला ते सांगणार, म्हणजे..."

ते थांबले.

"म्हणजे काय, काका? बोला ना."

लेल्यांनी नजर चित्रातल्या पाइपाकडे वळवली. धम्मदीनाचे कान तापले होते, पण आवाज चढला नाही.

"माझे आजोबा कापड गिरणीत होते, वडील विमा कंपनीत आणि आई शाळेत शिकवायची. गटाराचा पगार आमच्या घरात कुणी घेतला नाही. तुमच्याकडे तुम्ही तीस वर्षं घेतलात."

लेल्यांनी चहाचा एक घोट घेतला. तो गार झाला होता.

"एकतीस," ते म्हणाले.

आणि मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, शेवटी कप खाली ठेवावा लागला. धम्मदीना लगेच हसली नाही. तिला एवढ्या स्वस्तात सुटका द्यायची नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीचा अर्धाच तास उरला होता, आणि उरलेल्या सहा चित्रांत काय काय चुकलंय ते तिला अजून सांगायचं होतं. पुढचा अर्धा तास ती सांगत गेली आणि लेले वहीत मुद्दे लिहून घेत गेले, क्रमांक घालून.

कामाला मात्र लगेच सुरुवात झाली नाही. आपल्याच वसाहतीखालची गटारं काढायची असं लेल्यांनी ठरवलं. पण सार्वजनिक मॅनहोलचं झाकण परवानगीशिवाय उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच कधीतरी कुणाला तरी शिकवला होता. त्यांनी रीतसर अर्ज केला. परवानगी यायला नऊ आठवडे लागले. दर पंधरा दिवसांनी स्काइपवर धम्मदीना विचारायची की काय काढलंत, आणि लेले अर्जाची प्रगती सांगायचे. वैतागून ती म्हणाली की तोवर स्वयंपाकघराचं सिंक तरी काढा. त्यांनी सिंक काढलं. मग सिंकखालचा पाइप, मग त्या पाइपात वर्षानुवर्षं साठलेला थर. तो बघून वासंतीकाकूंनी दोन दिवस अबोला धरला, कारण थर त्यांच्या फोडण्यांचा होता.

परवानगी आल्यावर लेले पिवळं जाकीट घालून, रहदारीचे शंकू लावून, रस्त्यावर पालथे पडून चित्रं काढायला लागले. शेजाऱ्यांना वाटलं म्हातारा पडला. दोनदा अँब्युलन्स आली. तिसऱ्यांदा कौन्सिलची व्हॅन आली, आणि तिच्यातून टेविटा उतरला. हा टोंगन माणूस लेल्यांबरोबर पंधरा वर्षं साइटवर होता आणि आता स्वतः निवृत्तीला आला होता. त्याने कागद पाहिला, "स्वीट ॲज, पुरु," म्हणजे झकास, असं म्हणाला आणि वर उभा राहून टॉर्च धरला. नंतर तो दर गुरुवारी यायला लागला.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात शेवटचं प्रदर्शन झालं. लेल्यांचं एकच चित्र होतं. शाईचं, अकरा मीटर लांब. चौदा घरांच्या सिंकांपासून मोठ्या वाहिनीपर्यंतचा उभा छेद. सांध्यांत घुसलेली झाडांची मुळं, चरबीचे गोळे, ओल्या टिश्यूंच्या दोऱ्या, एक गुलाबी जँडल, कुणाची तरी कवळी. उतार शंभरात एक, सगळीकडे बरोबर. बाहेरून आलेली परीक्षक बाई एका टोकाला उकिडवी बसली आणि बदकासारखी सरकत पन्नास मिनिटांनी दुसऱ्या टोकाला पोचली. मधे एकदाच बोलली. तिने विचारलं की हे सगळं आत्ता आपल्या पायाखाली आहे का. लेल्यांनी सांगितलं की पामर्स्टन नॉर्थचं याहून जुनं आहे.

ऑकलंडच्या महाराष्ट्र मंडळातली दोन जोडपी मुद्दाम एवढी लांब गाडी चालवत आली होती. त्यांतल्या एकाने बराच वेळ बघून हळूच विचारलं की हा नकाशा कशाचा. वासंतीकाकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, गटाराचा. मग धम्मदीनाकडे वळून त्यांनी सांगितलं की एकतीस वर्षं यांचे डबे भरले, पण हे दिवसभर करतात काय ते आज कळलं. त्या जँडलपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

लेले पास झाले. ड्रॉइंग उत्तम, लेखी प्रबंध सुमार, असा शेरा होता. प्रबंधाचे गुण रिचेकिंगला टाकावेत का, असं त्यांनी धम्मदीनाला विचारलं. ती म्हणाली, प्रबंध मी वाचलाय, टाकू नका.

तिला पुढच्या वर्षासाठी दोन विद्यार्थी मिळाले. लेल्यांनाही काम मिळालं. टाकानिनीजवळच्या एका वाचनालयाने त्यांना बुधवारी सकाळी चित्रांचा वर्ग घेण्याबद्दल विचारलं, आणि ते हो म्हणून बसले. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. सहाजणी येणार होत्या. सगळ्यांनी घरून चित्रं आणायची होती, आणि एकीने तिच्या चित्राचा फोटो आधीच पाठवला होता. सूर्यास्त होता. सूर्य दोन होते.

"त्यांना सांगायचं काय?" लेल्यांनी विचारलं. "खरं सांगितलं तर पुढच्या बुधवारी कोण येईल?"

धम्मदीना म्हणाली की पहिल्या दिवशी काहीच सांगू नका. चित्रापुढे उभे राहा आणि बघा. त्यांच्यासमोर, भरपूर वेळ. लेल्यांनी किती वेळ ते विचारलं. तिने सांगितलं, त्यांना अवघडल्यासारखं होईपर्यंत. लेल्यांनी मिनिटांचा आकडा मागितला, आणि तिने दहा सांगितला.

पुढच्या बुधवारी सहापैकी चौघी आल्या. दोन सूर्यवाली त्यांत होती, आणि तिने तिसरा सूर्य काढून आणला होता.